लांब म्हणजे कुठे?

सकाळचे साडेसात. बाळकुमच्या पाड्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी येऊन उभी राहते. पूर्वी तिला खरोखरीची घंटा असायची, आता भोंग्यावर गाणं लागतं, पण नाव आपलं घंटागाडीच! गाणं ऐकू आलं की एकच धावपळ. कुणाच्या एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात काहीच नाही. कुणाच्या तोंडात अजून टूथब्रश. बादल्या रिकाम्या होतात, पिशव्या भिरकावल्या जातात आणि पाच मिनिटांत गल्ली पुन्हा शांत.

त्या दिवशी आमच्या शेजारची एक मुलगी बादली घेऊन उतरली होती. सातवीत आहे. प्रश्न विचारण्याची तिला वाईट खोड आहे. (खोड वाईट आहे असं तिची आई म्हणते. मी नाही.)

"काका, हे सगळं कुठं नेता हो?"

"मोठ्या गाडीत टाकतो."

"आणि मोठी गाडी कुठं जाते?"

"ती जाते लांब."

"लांब म्हणजे कुठं?"

काका हसले. "लय लांब, बाय. तुला वास नाय येनार!"

गाडी गेली. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली, कारण मी मासिकं-साप्ताहिकांत लिहितो म्हणजे मला सगळं माहीत असणार, अशी तिची समजूत. तर दोस्तांनो, तिच्यासाठी म्हणून मी या 'लांब'चा शोध घेतला. चला, तुम्हीही.

आधी थोडा हिशोब

शहरातला माणूस दिवसाला साधारण अर्धा किलो कचरा करतो. कुणी जास्त, कुणी कमी. तुमच्या घरात चार माणसं असतील तर रोजचे दोन किलो, म्हणजे वर्षाला सात क्विंटलच्या वर! २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर घोडबंदर रोडला किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही पाहताच आहात. ठाण्याचा कचरा आता रोज सुमारे हजार टन भरतो. दहा टनांचा एक ट्रक धरला तर शंभर ट्रक. आज शंभर, उद्या शंभर, दिवाळीच्या पाडव्याला त्याहून जास्तच.

आता हे बाळकुम बघा. आज इथे कापूरबावडीच्या बाजूला उंच इमारती आहेत, जुना आग्रा रोड आहे, अग्निशमन केंद्र आहे, आणि काशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी. पण गावातल्या एखाद्या आजीला विचारा, तुमच्या लहानपणी कचरा कुठं टाकायचात? ती गोंधळात पडेल. टाकायला होतं काय? चुलीची राख भांडी घासायला. शेण गोवऱ्यांना. मासळीची डोकी-शेपट्या माडाच्या बुंध्याशी. उरलंसुरलं उकिरड्यावर, आणि उकिरडा पावसाआधी भाताच्या शेतात. सगळं कुजून मातीत जायचं. उकिरड्याला वास यायचा, पण तो आपलाच उकिरडा असायचा.

मग प्लॅस्टिक आलं, थर्माकोल आलं, बॅटऱ्या, डायपर, ट्यूबलाइट आल्या. माणसं वाढली, शेतं संपली. उकिरडा उचलून कुठेतरी न्यावाच लागला.

खाजणातले डोंगर

मुंबईची गोष्ट तर फार जुनी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर शहराची घाण शहराबाहेर न्यायची असं ठरलं आणि देवनारची दलदल त्यासाठी निवडली गेली. कचरा न्यायचा कशातून? चक्क आगगाडीतून! हार्बर लाइनने जाताना कुर्ला-चेंबूरचा जो रूळ लागतो ना, तो १९०६ साली टाकला गेला, आणि त्यावरून आधी कचऱ्याच्या गाड्या धावायच्या. माणसांना त्या रुळावरून जायला मिळालं ते १९२४ साली. म्हणजे त्या मार्गावर कचरा आपल्यापेक्षा सिनियर!

देवनार, मुलुंड, कांजूरमार्ग, दिवा, कल्याणचं आधारवाडी. ही नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील. आता ॲटलास किंवा ठाणे जिल्ह्याचा नकाशा काढा आणि यांवर पेन्सिलीने ठिपके द्या. काय दिसतं? सगळे ठिपके खाडीच्या आसपास! त्याचं कारण सोपं आहे. खारफुटीची, चिखलाची खाजण जमीन 'निरुपयोगी' मानली जायची. तिथे घर बांधता येत नाही, भात पिकत नाही, मग टाका कचरा. त्या चिखलात निवट्या असतात, चिंबोऱ्या असतात, आणि ते पकडून पोट भरणारी कोळ्यांची घरं असतात, हे कचऱ्याची जागा ठरवणाऱ्यांना दिसलं नाही.

ठाणे महानगरपालिका १९८२ साली झाली. पण कचरा टाकायला तिच्याकडे स्वतःची, नियमात बसणारी जागा वर्षानुवर्षं नव्हती. बरीच वर्षं ठाण्याचा कचरा दिव्याला जात होता. मुंब्र्याच्या पुढचं स्टेशन, तेच दिवा. दिव्यातल्या मुलांना खिडक्या लावून अभ्यास करावा लागायचा. डम्पिंग पेटलं की धूर घरात. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, निवडणुकांत आश्वासनं दिली गेली. अखेर २०२३ च्या सुरुवातीला दिव्याचं डम्पिंग बंद झालं. दिवेकरांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण शंभर ट्रक तर रोज निघणारच होते! ते आता शीळच्या पलीकडच्या चौदा गावांमधल्या भांडार्लीला जाऊ लागले. भाड्याच्या जागेवर, तात्पुरते. तिथल्या गावकऱ्यांनीही विरोध केला. मग शीळजवळच्या डायघरला कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या लोकांचा विरोध तर कितीतरी वर्षांपासूनचा. २०२५ च्या फेब्रुवारीत वागळे इस्टेटमध्ये सीपी तलावाजवळच्या केंद्रात कचरा साठत गेला. ही जागा खरं तर लहान गाड्यांतून मोठ्या गाड्यांत कचरा भरण्याची. पण पुढे जायला वाट नाही म्हटल्यावर तो तिथेच थांबला, आणि शहराच्या मधोमध राहणाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की दिव्याचे लोक काय म्हणत होते. पुढे भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीची जागा ठाण्यासाठी ठरली. तिथेही गावकरी 'आमच्याकडे नको' म्हणाले.

दिवा, भांडार्ली, डायघर, आतकोली. घंटागाडीवाल्या काकांचं 'लांब' हे असं गावोगाव फिरत होतं.

आता तुम्ही म्हणाल, काहो, कचरा कुठेतरी टाकावा तर लागणारच ना? मग प्रत्येक गाव असं का भांडतं? या प्रश्नाचं उत्तर कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात आहे. तिथे जरा डोकावू या. नाक धरा!

डोंगराच्या पोटात

केळ्याची साल, शिळा भात, भाजीची देठं, दुधाची पिशवी, फाटका शर्ट, इंजेक्शनची सुई. सगळं एका पिशवीत, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलेलं. अशा लाखो पिशव्या एकावर एक. आत हवा जात नाही. हवा असेल तर केळ्याची साल कुजून चांगलं खत होतं. हवा नसेल तर दुसऱ्या प्रकारचे जीवाणू कामाला लागतात आणि गॅस तयार होतो. त्यातला निम्म्याच्या आसपास असतो मिथेन. गोबरगॅसच्या शेगडीवर जो जळतो तोच हा. फरक एवढाच, की शेगडीला बटण असतं, डोंगराला नसतं.

म्हणून डम्पिंगला आगी लागतात. कुणी काडी टाकली नाही तरी लागतात. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. २०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं तेव्हा तो धूर अंतराळातल्या उपग्रहांनीही टिपला होता. आसपासच्या महापालिका शाळांना सुटी द्यावी लागली. (सुटी मिळाली म्हणून खूश होऊ नका. खोकून खोकून घरी बसायची सुटी होती ती.) कल्याणचं आधारवाडी २०१८ च्या मार्चमध्ये असंच पेटलं आणि कल्याणकरांनी कित्येक दिवस धूर गिळला.

दुसरी भानगड पाण्याची. पावसाचं पाणी या डोंगरात मुरतं आणि चहा गाळल्यासारखं खालून बाहेर येतं. काळं, दाट, घाणेरड्या वासाचं. त्यात कुजलेल्याचा रस असतो, बॅटरीतली शिसं-पारा यांसारखी विषं असतात. याला लीचेट म्हणतात. ते विहिरीत उतरतं, ओढ्यात जातं, खाडीत जातं.

तिसरी भानगड म्हणजे डोंगर ढासळतो. फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळ पायाटास नावाचं मोठं डम्पिंग होतं. २००० च्या जुलैमध्ये जोरदार पावसात तो ढीग कोसळला आणि पायथ्याशी राहणारी दोनशेहून अधिक माणसं गाडली गेली. त्यांतली पुष्कळशी कचरा वेचून पोट भरणारी कुटुंबं होती. आपल्याकडे दिल्लीला गाझीपूरचा ढीग २०१७ च्या सप्टेंबरमध्ये घसरला, त्यात दोघांचा जीव गेला.

नियम कसे आहेत ठाऊक आहे?

मला वाटायचं, डम्पिंग म्हणजे मोकळी जागा आणि भोवती पत्रा. नियम वाचायला घेतले आणि चाटच पडलो.

या नियमांची गोष्टही ऐकण्यासारखी. अल्मित्रा पटेल नावाच्या बंगळूरच्या इंजिनिअर बाई. शहराचा कचरा वेशीबाहेर, गावांच्या रस्त्याकडेला ओतला जातो हे पाहून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९९६ साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून २००० साली देशभरासाठी घनकचऱ्याचे पहिले नियम आले. २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले आणि २०२६ साली पुन्हा एकदा.

या नियमांच्या भाषेत योग्य जागेला नुसतं डम्पिंग म्हणत नाहीत. तिचं नाव शास्त्रीय भराव भूमी. २०१६ च्या नियमांप्रमाणे ती नदीपासून १०० मीटर दूर हवी. तळ्यापासून, महामार्गापासून, वस्तीपासून, पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर. विमानतळापासून तर २० किलोमीटर. घारी, कावळे आणि विमानं यांची दोस्ती बरी नव्हे! आता आधारवाडी आणि दिवा आठवा आणि स्वतःच ताडून पाहा.

पण खरी गंमत तळाची. कचरा जमिनीवर ठेवायचाच नाही. आधी खाली चिकणमातीचा ९० सेंटिमीटर जाड थर दाबून बसवायचा. त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं खास प्लॅस्टिकचं अस्तर. जमिनीखालचं पाणी या मातीच्या थरापासून निदान दोन मीटर खोल असलं पाहिजे. माती कशी हवी? तिच्यातून पाणी सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त वेगाने झिरपता कामा नये. वही घ्या. एक कोटी सेकंद म्हणजे सुमारे ११६ दिवस. म्हणजे जवळजवळ चार महिन्यांत एक सेंटिमीटर. मग ९० सेंटिमीटर पार करायला ढोबळ मानाने अठ्ठावीस वर्षं! गोगलगायसुद्धा हसेल. अस्तरावर नळ्या असतात, त्यांतून ते काळं पाणी गोळा करून शुद्ध करायचं. गॅससाठी वेगळे पाइप. रोज संध्याकाळी कचऱ्यावर १० सेंटिमीटर मातीचं पांघरूण, म्हणजे माश्या नाहीत, वास कमी. पावसाळ्याआधी त्याहून जाड, ४० ते ६५ सेंटिमीटर.

आणि भरून झालं की संपलं का? छे. वरून मातीचं झाकण घालायचं, आणि पुढे १५ वर्षं गॅस आणि पाणी तपासत राहायचं. का? मालाडला चिंचोली बंदरचं डम्पिंग बंद झाल्यावर तिथे मोठमोठी ऑफिसं उभी राहिली. तिथले कॉम्प्युटर आणि एसी वरचेवर बिघडतात अशा बातम्या आल्या. जमिनीखालून निघणारा गॅस त्यांच्या तारा खात होता. कचरा विसरतो आपण. तो नाही विसरत.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र वेगळाच आहे. या भराव भूमीत जायचं काय? फक्त जे कुजत नाही, परत वापरता येत नाही आणि दुसरं काहीच करता येत नाही तेवढंच. केळ्याची साल तिथे जाताच कामा नये! तिचं खत किंवा गॅस व्हायचा. बाटली, पुठ्ठा, पत्रा भंगारात. राहील तो मूठभर. तेव्हा नियमाने वागलं तर कचऱ्याचा डोंगर होतच नाही. मिथेन नाही, आग नाही, काळं पाणी फारसं नाही.

मग घोडं अडतं कुठं? तर त्या गाठ मारलेल्या पिशवीत. भात आणि बाटली एकदा एकत्र कालवली की मग हजार टनांतून ती वेगळी कोण करणार? दीड मिलिमीटरचं अस्तर घातलं तरी वर कुजणारा डोंगरच उभा राहणार. म्हणून वेगळं करायचं ते घरातच. २०१६ च्या नियमांनी तीन भाग सांगितले होते, ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. २०२६ च्या नियमांत चार आहेत. ओला, सुका, डायपर-पॅडसारखा स्वच्छतेचा, आणि बॅटरी, औषधं, रंगाचे डबे असा जपून हाताळायचा.

आता एक कबुली. नियम चांगले आहेत, पण २००० च्या नियमांत कचऱ्यावरच्या प्रक्रियेची सोय करायला शहरांना २००३ च्या अखेरची मुदत दिली होती. तुम्ही गृहपाठ वीस वर्षं उशिरा दिलात तर बाई काय म्हणतील?

कल्याणची छडी

कल्याण-डोंबिवलीला मात्र अशी छडी बसली होती. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगून टाकलं, आधी कचऱ्याची सोय करा, तोवर नव्या बांधकामांना परवानगी नाही! शहरभर बिल्डर हवालदिल. वर्षभराने, २०१६ मध्ये, ती बंदी उठली. पण आधारवाडीचा डोंगर काही लगेच हलला नाही.

बदल आला तो दुसऱ्या टोकाकडून, थेट तळकोकणातून. वेंगुर्लं हे सिंधुदुर्गातलं समुद्रकाठचं छोटं गाव, बारा-एक हजार वस्तीचं. तिथे मुख्याधिकारी होते रामदास कोकरे. त्यांनी आणि गावाने मिळून कचरा दोन-तीन नव्हे, वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करायला सुरुवात केली. काच वेगळी, चपला वेगळ्या, नारळाच्या करवंट्या वेगळ्या. ओल्याचा गॅस आणि खत. गावाच्या कचरा डेपोवर बाग झाली आणि बाहेरगावचे लोक ती पाहायला येऊ लागले. डेपोची सहल, कल्पना करा!

हेच कोकरे पुढे कल्याण-डोंबिवली महापालिकेत उपायुक्त झाले. २०२० मध्ये तिथे 'शून्य कचरा' मोहीम सुरू झाली. वेगळा न केलेला कचरा घेणार नाही, असं सांगितल्यावर भांडणं झाली, कुरकुर झाली. लोक पिशव्या रस्त्यावर ठेवून पळायचे. पण उंबर्डे आणि बारावे इथल्या प्रकल्पांकडे वेगळा कचरा जाऊ लागला, आणि २०२१ च्या २५ मेपासून आधारवाडीवर नवा कचरा टाकणं बंद झालं. अनेक पिढ्यांनी नाक दाबून ज्याच्या बाजूने प्रवास केला ते डम्पिंग! बारा हजारांच्या गावात जमलं ते त्याच्या शंभरपटीहून मोठ्या शहरात तसंच्या तसं जमत नाही, हे खरं आहे. सगळं आलबेल झालं असंही मी म्हणणार नाही. पण मोठ्या शहरात हे होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांची पंचाईत मात्र झाली.

जुन्या डोंगरांचं काय करतात, तेही सांगतो. पोकलेनने ढीग फोडतात, लांब लांब बांधांसारखा पसरतात, उलटापालटा करून सुकवतात. मग भल्यामोठ्या फिरत्या चाळणीतून काढतात. माती खाली पडते, दगड एकीकडे, चिंध्या आणि प्लॅस्टिक दुसरीकडे. प्लॅस्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. ठाण्याच्या वेशीवरचं मुलुंडचं डम्पिंग २०१८ साली बंद झालं, तिथे साठलेल्या सुमारे ७० लाख टन कचऱ्यावर हेच काम हाती घेतलं गेलं. आपल्या आजोबांनी टाकलेली रिकामी ट्यूब कुणीतरी आत्ता चाळून काढतंय!

आणि हे सगळं ज्यांच्या हातांतून जातं, त्यांचा एक शब्द. फुटलेली बरणी तशीच पिशवीत टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर 'काच' असं लिहा. सुई, ब्लेड तसंच. घंटागाडीवाल्यांचे, वेचणाऱ्या मावशींचे हात या पिशव्यांत रोज जातात, पुष्कळदा हातमोज्यांशिवाय.

तुला वास नाय येनार?

एवढं सगळं मी त्या शेजारच्या मुलीला सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि समोर ठाणे जिल्ह्याचा नकाशा पसरून पोटावर पडली होती. बाळकुमवर तिने लाल ठिपका दिला होता. मग दिवा, भांडार्ली, डायघर, आतकोली.

"पण काकांचं बरोबरच आहे," ती म्हणाली. "इथं वास येत नाही."

मी तिला उल्हास नदीवर बोट ठेवायला सांगितलं. कर्जतकडून येते, बदलापूर, उल्हासनगर, मग कल्याण. इथे खाडीकाठाला आधारवाडी. पुढे डोंबिवली, मग दिवा-मुंब्र्याच्या अंगाने वळण. तिचं बोट सरकत होतं. मग काल्हेर, काशेळी आणि...

"अरे! बाळकुम!"

हो. कल्याणच्या डोंगरातून पावसाळ्यात जे काळं पाणी सुटायचं, दिव्याकडून जे यायचं, ते ओहोटीबरोबर याच काशेळीच्या पुलाखालून जायचं. नाकाला कळायचं नाही, पण इथली मासळी त्याच पाण्यात वाढायची. भरतीला काही परत वर जायचं, ओहोटीला पुन्हा खाली. म्हणजे मोठी गाडी मुंब्र्यापलीकडे कचरा टाकून यायची, आणि तिच्यामागोमाग खाडी त्याचा हिशोब घेऊन घरी यायची.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एक वही काढली. आठवडाभर घरचा कचरा वजन काट्यावर टाकायचा, असं ठरलं. भाजीवाल्याकडचा जुना तागडी-काटा मिळाला. तुम्हीही करून पाहा. दोन बादल्या ठेवा, एक ओल्याची, एक सुक्याची, आणि बाजूला एक खोका औषधं-बॅटऱ्यांचा. रोज रात्री वजन लिहा. रविवारी बेरीज. बहुतेक घरांत ओलाच अर्ध्याहून जास्त भरतो. तो खिडकीतल्या एखाद्या जुन्या माठात, थोडी माती आणि सुका पाला घालून जिरवता येतो का पाहा. माठाला खाली आणि बाजूंना भोकं पाडा, हवा आत गेली पाहिजे. ओल जास्त झाली तर वास येतो. मग आणखी पाला घाला. वरणभात आणि मासळी मात्र सुरुवातीला नको, मांजरं येतात. आमच्या पहिल्या माठाची मांजरांनी दोन दिवसांत वाट लावली.

रविवारी ती वही घेऊन आली. आकडे नीट मांडले होते, पण तिला दाखवायचं होतं ते दुसरंच. नकाशावर आतकोलीच्या ठिपक्याशी ती थांबली होती.

"इथं शाळा असेल ना?"

"असेलच की."

तिने तिथे पेन्सिलीने एक छोटी चौकट काढली, वर झेंडा काढला. मग झेंड्याच्या बाजूला दोन खिडक्या. त्या उघड्या ठेवायच्या की बंद, याचा तिने बराच वेळ विचार केला. तेवढ्यात खाली गाणं वाजलं, आणि ती दोन्ही बादल्या उचलून जिन्याकडे पळाली.